बर्फावरची वहिवाट

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही गेली बरीच वर्षे काही ना काही लिहीत आलो आहोत. कधी बाजार समितीच्या सेसविषयी लिहिले, कधी बारदानाच्या भावाविषयी, तर एकदा शेर-पायलीच्या जुन्या मापांविषयी. यंदा संपादक मंडळींनी लेख मागितला तेव्हा आम्ही विषय सांगितला आणि मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. धान्याच्या अडत्याने उत्तर ध्रुवाकडील बर्फावर लिहावे, हे त्यांस विपरीत वाटले असावे. वाचकांनी मात्र थोडा धीर धरावा. हा विषय बर्फाचा थोडा आणि वहिवाटीचा फार आहे. आणि वहिवाट म्हणजे काय, हे पेठेत दुकान असलेल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही.

कॅनडाची मसूर आणि पिवळा वाटाणा आपल्या पेठेला नवे नाहीत. तो माल बहुतांशी त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर बंदरातून जहाजावर चढतो. त्याच देशात उत्तरेकडे, हडसन उपसागराच्या काठी, चर्चिल नावाचे आणखी एक धान्याचे बंदर आहे, हे आम्हांस विनिपेग येथे नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याकडून कळले. हा गृहस्थ आगगाडीने दोन रात्री प्रवास करून, सुमारे १७०० किलोमीटर जाऊन ते बंदर पाहून आला. तेथे आगगाडी १९२९ साली पोहोचली आणि १९३१ साली तेथून गव्हाची पहिली जहाजे परदेशी निघाली. बंदर वर्षातून तीन-चार महिनेच चालते. एरवी समुद्रच गोठलेला असतो. गावास बाहेरून येणारी मोटारीची सडक नाही.

हे ऐकताच आमची व्यापारी बुद्धी जागी झाली. पृथ्वी तापत आहे, बर्फ वितळत आहे, तर हे बंदर चारऐवजी सहा महिने उघडे राहील आणि त्याचे दिवस पालटतील, असा हिशेब आम्ही बसल्या बसल्या मांडला. भाच्याने हसून तो खोडून काढला. तेथील धान्याची चढउतार २०१६ साली मालक कंपनीने बंद केली होती. पुढल्या वर्षी मे महिन्यात, हिवाळ्यात साचलेल्या अतोनात बर्फाचे पाणी झाले आणि पुराने सुमारे वीस ठिकाणी लोहमार्गाखालची भर वाहून नेली. सुमारे दीड वर्ष गावात आगगाडी आली नाही. भाजीपाला, दूध, पीठ सारे विमानाने येऊ लागले आणि भाव कोठल्या कोठे गेले. दुरुस्ती कोणी करावयाची यावर मालक आणि सरकार भांडत राहिले. अखेर २०१८ साली मार्ग आणि बंदर दोन्ही नव्या मंडळींनी घेतली. त्यांत कडधान्याची निर्यात करणारी एक पेढी होती आणि तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्याही होत्या. २०१९ साली धान्य पुन्हा हलू लागले, आणि २०२१ पासून मालकी सर्वस्वी स्थानिक वस्त्यांकडे आली.

आमचा हिशेब जेथे चुकला ती गोष्ट अशी. त्या मार्गाचा उत्तरेकडील टप्पा दलदलीवरून आणि बारमाही गोठलेल्या जमिनीवरून जातो. थंडी हटली की समुद्र मोकळा होतो हे खरे. पण त्याच वेळी पायाखालची जमीन मऊ पडते आणि रूळ खचतात. दार उघडले, पण दारापर्यंत जाणारी पायरी ढासळली, असा हा प्रकार आहे. कॅनडाच्या वायव्येस टुकटोयाक्टुक नावाचे गाव आहे. तेथे समुद्र काठ खात चालल्याने कडेची काही घरे उचलून आत न्यावी लागली. अलास्कात न्यूटोक नावाची वस्ती २०१९ पासून टप्प्याटप्प्याने नव्या जागी हलविण्यात आली.

आता बर्फाची शिल्लक पाहू. उपग्रहांवरून उत्तर ध्रुवसमुद्राच्या बर्फाची सलग मोजणी १९७९ पासून होत आहे. तेथे बर्फ सप्टेंबरात सर्वांत कमी असते. १९८१ ते २०१० या तीस वर्षांची सप्टेंबरातील सरासरी साठ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक होती. २०१२ च्या सप्टेंबरात ती शिल्लक सुमारे ३४ लाखांवर आली. तो नीचांक पुढे मोडला गेला नाही, पण पूर्वीची पातळीही परत आली नाही. पांढरे बर्फ सूर्याची उष्णता परतवून लावते आणि काळे पाणी ती पिऊन घेते; म्हणून एकदा पाणी उघडे पडले की आणखी बर्फ वितळते. व्याजावर व्याज चढावे तसे हे आहे. पृथ्वीच्या सरासरीच्या तिपटी-चौपटीने तो प्रदेश तापत आहे. समुद्रावर तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी विशेष वाढत नाही. ती वाढते ग्रीनलँडसारख्या भूमीवरचे बर्फ वितळल्याने. या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून इतके सांगितले.

आम्हां दख्खनच्या लोकांस याचे काय, असे कोणी विचारील. आपल्या शेजारी गोव्यात, वास्को येथे, ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. भारताचे ‘हिमाद्री’ नामक संशोधनगृह २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि त्याचा कारभार वास्कोहून चालतो. तेथील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०२१ साली एक शोधलेख प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेस कारा समुद्र आहे. तेथील उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टी होणे यांत संबंध असावा, असे त्यात मांडले आहे. हे अजून अनुमान आहे. परंतु सप्टेंबरातील पाऊस म्हणजे काढणीस आलेला मूग आणि सोयाबीन भिजणे. ओलीचा माल वखारीत घेतल्यावर काय होते हे आम्ही भोगले आहे.

असो. बर्फाची हकीकत येथवर पुरे. आता त्या बर्फावर राहणाऱ्या माणसांकडे वळतो.

त्यांस पूर्वी जग एस्किमो म्हणे. ते स्वतःस इनुइट म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणसे’ एवढाच. समुद्रावरच्या बर्फास ते ‘सिकु’ म्हणतात. आपल्यास समुद्र गोठणे म्हणजे वाट बंद होणे वाटते; त्यांच्यासाठी ते वाट सुरू होणे होय. गावागावांना जोडणारी सडक तेथे नाही. समुद्र गोठला की त्यावरून पूर्वी कुत्र्यांच्या आणि आता मोटारीच्या घसरगाड्या धावतात, आप्त आप्तांस भेटतात आणि शिकारी शिकारीस जातात. त्यांचे अन्न सील, व्हेल, मासे आणि रेनडिअर. हे वाचून आपल्या समाजातील वाचकांस अप्रिय वाटेल, आम्हांसही वाटले. परंतु जेथे दाण्याचे एक रोप उगवत नाही, तेथील माणसाच्या ताटाचा न्याय धान्याच्या वखारीत बसून करण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाही.

अलीकडे हे बर्फ उशिरा धरते, लवकर फुटते, आणि मधल्या काळातही पूर्वीसारखे विश्वासाचे राहत नाही. टोकदार काठीने ठोकून, आवाजावरून आणि रंगावरून जाडी ओळखण्याची विद्या बापाकडून मुलाकडे येत असे. आता मुरब्बी शिकारीही फसतात आणि गाडीसह खाली जातात. शिकारीस जाता न आले म्हणजे दुकानातून विकत घ्यावे लागते. आणि नुनावुट या त्यांच्या प्रांतात सारा किराणा एक तर उन्हाळ्यात जहाजाने नाही तर वर्षभर विमानाने येतो. तेथील निम्म्याहून अधिक कुटुंबांस पोटभर अन्नाची शाश्वती नाही, असे त्या देशाच्याच पाहण्यांतून दिसते. शीला वॉट-क्लूटियर या इनुइट बाईंनी डिसेंबर २००५ मध्ये अमेरिका खंडातील देशांच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला होता. आमच्या जगण्याचा पाया थंडी आहे आणि दुसऱ्यांच्या धुराने ती आमच्यापासून हिरावली जात आहे, असा त्याचा आशय. आयोगाने अर्ज चालविला नाही. २००७ साली म्हणणे तेवढे ऐकून घेतले.

याच बर्फाखालच्या पाण्यावर आता राज्याराज्यांत वाद आहे. कॅनडाच्या उत्तरेस बेटांचा एक मोठा पुंजका आहे आणि त्यांमधील सामुद्रधुन्यांतून अटलांटिकहून पॅसिफिककडे जाण्याची वाट आहे. तिला वायव्य मार्ग म्हणतात. या वाटेच्या शोधात १८४५ साली निघालेले फ्रँकलिनचे १२९ लोक दोन जहाजांसह नाहीसे झाले. ती जहाजे २०१४ आणि २०१६ साली समुद्रतळाशी सापडली. त्यांचा ठावठिकाणा इनुइट वृद्धांच्या सांगण्यात पिढ्यानपिढ्या होता. साहेबांनी तो दीडशे वर्षे फारसा मनावर घेतला नाही. अमुंडसेनने १९०३ ते १९०६ या काळात एका लहान गलबतातून ती वाट प्रथम पार केली. २०१३ साली ‘नॉर्डिक ओरायन’ हे जहाज व्हँकुव्हरहून कोळसा भरून याच वाटेने फिनलंडला गेले आणि पनामा कालव्याचा वळसा वाचला. तरीही ही वाट सोपी झाली असे समजू नये. ध्रुवाकडचे जुने जाड बर्फ वाहत येऊन चिंचोळ्या जागी अडकते, त्यामुळे कोणते वर्ष कसे जाईल याची हमी नाही.

वाद असा आहे. कॅनडा म्हणतो, हे आमच्या घरातील पाणी. यावयाचे तर विचारून यावे. अमेरिका म्हणते, दोन महासागर जोडणारी ही सार्वजनिक सामुद्रधुनी. येथून जाण्यास कोणाची परवानगी नको. पेठेच्या भाषेत सांगावयाचे तर दोन वखारींमधील बोळ खासगी की रहदारीचा, असा हा तंटा आहे. अशा तंट्यात आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, की या बोळातून आजवर ये-जा कोणाची? शेकडो वर्षे बर्फाने तो बोळ कुलूपबंद ठेवला होता, म्हणून परक्यांची ये-जा सिद्ध होत नव्हती. १९६९ साली ‘मॅनहॅटन’ नावाचे अमेरिकन तेलवाहू जहाज कॅनडाची परवानगी न मागता तेथून गेले, तेव्हा कॅनडात मोठी खळबळ उडाली. पुढल्याच वर्षी त्याने उत्तरेकडील पाणी दूषित होऊ नये यासाठी कायदा केला. १९८५ साली अमेरिकेचे ‘पोलर सी’ हे बर्फफोडे जहाज तसेच गेले. तेव्हा कॅनडाने बेटांच्या बाहेरून सरळ रेषा आखून आतील सारे पाणी आपले असल्याचे जाहीर केले. १९८८ साली तडजोड झाली: अमेरिकेची बर्फफोडी जहाजे विचारून येतील, पण मूळ हक्काचा प्रश्न दोघांनीही राखून ठेवावयाचा. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कॅनडाचा दावा उघडपणे बेकायदा म्हटला.

यात एक बारकी गोम आहे. १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारात २३४ वे कलम आहे. ज्या पाण्यावर वर्षाचा बहुतेक काळ बर्फ असते, तेथे प्रदूषण टाळण्यासाठी किनाऱ्याच्या राज्याने अधिक कडक नियम करावेत, अशी मुभा ते देते. आता बर्फच वर्षाचा बहुतेक काळ राहिले नाही, तर त्या कलमाचा आधार किती उरेल? कुलूप वितळते आहे आणि कुलपावर लिहिलेला हक्कही त्याबरोबर पातळ होतो आहे.

मग कॅनडापाशी भक्कम पुरावा कोणता? तो म्हणजे इनुइट. ही माणसे त्या बर्फावर हजारो वर्षे राहिली, फिरली, मेली. म्हणून ते बर्फ आणि पाणी आमचे, असे त्याचे म्हणणे. १९९३ साली नुनावुटच्या इनुइटांशी झालेल्या करारात तर हे शब्दांतच आले. द्वीपसमूहाच्या पाण्यावरील कॅनडाच्या सार्वभौमत्वास इनुइटांच्या वापराचा आणि वास्तव्याचा आधार आहे, असे त्या कराराच्या पंधराव्या कलमात मान्य केले आहे. राज्याचे खरेदीखत म्हणजे ही माणसे.

आणि याच माणसांस त्याच राज्याने १९५३ साली कसे वागविले ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

त्या वर्षी क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडील इनुक्जुआक येथील काही कुटुंबांस ‘सी. डी. हाउ’ या सरकारी जहाजावर चढविण्यात आले. शिकार मुबलक मिळेल आणि न आवडल्यास दोन वर्षांनी परत आणू, असे त्यांस सांगितले होते. त्यांस नेले सुमारे २००० किलोमीटर उत्तरेस. जहाजावरच त्यांचे गट पाडले. काही एल्समेअर बेटावर, ज्या वस्तीचे नाव पुढे ग्रीस फिऑर्ड झाले, तर काही कॉर्नवॉलिस बेटावरील रेझोल्यूट येथे. एकत्र राहू असे समजून निघालेल्या आप्तांची अशी ताटातूट झाली. मदतीस म्हणून पाँड इन्लेट येथील काही कुटुंबे दिली, त्यांची बोली निराळी. हिवाळ्यात सुमारे तीन महिने सूर्य उगवत नाही असा तो मुलूख. यांच्या मूळ गावी हिवाळ्यातही रोज सूर्य दिसे. पहिला हिवाळा बहुतेकांनी तंबूंत काढला. १९५५ साली आणखी काही कुटुंबे नेली. सारी मिळून सुमारे नव्वद माणसे. दोन वर्षांनी परत आणण्याचा शब्द पाळला गेला नाही.

मूळ गावी शिकार अपुरी पडत होती आणि लोक सरकारी मदतीवर जगत होते, म्हणून त्यांच्या हितासाठीच हे केले, असे सरकार दीर्घकाळ सांगत आले. परंतु निर्जन बेटांवर आपली माणसे असावीत हाही त्यात हेतू होता, असे मूळ रहिवाशांसंबंधीच्या राजकीय आयोगाने १९९४ साली नमूद केले. १९९६ साली एक कोटी डॉलरांचा निधी दिला आणि १८ ऑगस्ट २०१० रोजी सरकारने क्षमा मागितली. योगायोग असा, की १९५३ सालीच ग्रीनलँडमध्ये अमेरिकन विमानतळाच्या विस्तारासाठी थुले येथील इनुइटांस काही दिवसांच्या मुदतीत घरे सोडून शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेस कानाक येथे जावे लागले. त्याबद्दल डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी १९९९ साली क्षमा मागितली. आता त्याच ग्रीनलँडविषयी, ते आपणास हवे, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये जाहीरपणे म्हटले. तेथील लोकांनी ‘आम्ही विक्रीस नाही’ हे दोन्ही वेळा कळविले. सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांस नकाशांच्या वादात माणसे कशी मागे पडतात हे थोडेबहुत ठाऊक आहे. आमच्याकडील वादात मात्र आम्ही येथे शिरत नाही.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या जुन्या दुकानापुढे एक दगडी कट्टा होता. शेजारच्या मालकाने तो आपला असल्याचा दावा केला. धड कागद कोणापाशीच नव्हता. वकिलांनी विचारले, “कट्ट्यावर वहिवाट कोणाची?” आमची पोती तेथे उतरत हे खरे, परंतु दिवसभर तेथे बसत, भाकरी खात आणि पावसाळ्यात निजत ते आमचे हमाल. त्यांपैकी तीन म्हाताऱ्यांनी साक्ष दिली, “चाळीस वर्षे आम्ही मालकांचा माल येथेच उतरवितो.” निकाल आमच्यासारखा झाला. पुढल्या वर्षी आम्ही कट्टा पाडून तेथे गाळा बांधला आणि शटर लावले. हमाल रस्त्याच्या पलीकडे गटाराच्या कडेस बसू लागले. ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही. साक्ष देणाऱ्यांपैकी एकजण तेथेच उन्हात टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला आम्हांस पुढे कित्येक वर्षे दिसत असे. त्या कराराचे पंधरावे कलम आम्हांस भाच्याने समजावून दिले, तेव्हा प्रथम तो कट्टा आठवला.

इनुइटांस १९९३ च्या करारात निदान काही मिळाले, हे मान्य केले पाहिजे. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी आणि चौदा वर्षांत मिळून शंभर कोटींहून अधिक डॉलर मिळाले. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुट हा वेगळा प्रांत झाला. त्या बदल्यात उरलेल्या भूमीवरील आपला मूळ हक्क त्यांनी सोडला. पण करार झाला म्हणजे उधारी वसूल झाली असे नव्हे. कबूल केलेल्या गोष्टी सरकार पार पाडीत नाही म्हणून त्यांच्या संस्थेने २००६ साली दावा लावला आणि २०१५ साली २५ कोटी ५५ लाख डॉलरांवर तो मिटला. प्रांतातील सार्वजनिक जमीन आणि खनिजे यांचा कारभार प्रांताकडे सोपविण्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. तो १ एप्रिल २०२७ पर्यंत अमलात यावयाचा आहे.

ग्रीस फिऑर्ड हे आज कॅनडाचे सर्वांत उत्तरेकडील गाव आहे. वस्ती दीडशेच्या आत. त्याचे इनुइट नाव ‘आउयुइत्तुक’, म्हणजे जेथे कधी वितळत नाही अशी जागा. २०१० साली तेथे आणि रेझोल्यूट येथे दगडात कोरलेल्या दोन स्मारकमूर्ती उभारण्यात आल्या. ग्रीस फिऑर्डची मूर्ती एका आईची आहे. तिच्यापाशी मूल आहे आणि कुत्रा आहे, आणि ती रेझोल्यूटच्या दिशेने पाहते आहे. रेझोल्यूटचा पुरुष एकटा आहे. तो ग्रीस फिऑर्डकडे पाहतो आहे. दोहोंच्या मध्ये समुद्र आहे.